विषय: ‘बँकेतून बोलतोय’वाले फोन आणि गावाकडची मंडळी

मंडळी, नमस्कार.

परवा सेलूला आमच्या अप्पांना फोन आला. हेड ऑफिसातून बोलतोय, केवायसी संपलंय, चारच्या आत केलं नाही तर खातं बंद. ऐन सोयाबीनची पट्टी जमा झालेली, अप्पांच्या पोटात गोळा. तरी त्यांनी विचारलं, “आमच्या शाखेचा मॅनेजर कोण हाय, सांगा बरं?” तिकडून दोन शिव्या आल्या अन् फोन कट. या वेळी निभावलं. त्यांना नेमकं काय सांगून ठेवू?

– सेलूकर, लंडन

---

दादा, अप्पांना माझा नमस्कार सांगा. पण मॅनेजरच्या नावावर भिस्त नको, ते कुणालाही कळतं. कार्डाचे शेवटचे चार आकडेसुद्धा या लोकांकडे असतात. हिंदीत बोलला म्हणजे चोर, हेही आता खरं राहिलं नाही. चांगलं मराठी बोलायलेत.

मी बँकेत नोकरी केली, म्हणून सांगते. एक खूण पक्की: तो फोन ठेवू देत नाही. “लाइनवरच राहा, घरात कुणाला सांगू नका.” खऱ्या बँकेला तुम्ही फोन ठेवल्याने काही फरक पडत नाही. ठेवायचा, आणि पासबुकावरचा किंवा कार्डामागचा नंबर स्वतः लावायचा. गुगलवर शोधून नको, तिथे खोटे कस्टमर केअर नंबर पसरलेले आहेत. बँकांनी सेवेचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करावेत, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे. दहा आकडी मोबाइलवरून कुणी ‘बँक’ म्हणून बोललं की तिथेच संशय घ्या.

व्हॉट्सॲपवर केवायसीची एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) आली तर उघडायचीच नाही. ती फोनमधले मेसेज वाचते, ओटीपी न सांगताही जातो. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

आता जरा कडू बोलते. आपली मुलं परदेशातून खाती चालवतात आणि रात्री फोन करतात, “अप्पा, ओटीपी आला का? वाचा बरं.” ही सवय आपणच लावली. मग तिसरा कुणी गोड आवाजात तेच विचारतो, तेव्हा त्यांना त्यात वावगं काय वाटणार?

– ताई

---

ताई, पटलं. पण पैसे गेलेच तर? आमच्या आई नांदेडला एकट्या असतात.

– नांदेडकर

---

लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायचा आणि बँकेलाही कळवायचं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवतात, मधे कुठे अडले तरच मिळतात. “पोरगा ओरडेल” म्हणून दोन दिवस गप्प बसणारी माणसं मी काउंटरवर पाहिलीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपणच पिन-ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून आईंना आधीच सांगा, कुणी रागावणार नाही.

– ताई

---

ताई, ओटीपी विचारणं बंद. पण अप्पांचं लाइटबिल मी त्यांच्याच खात्यातून भरतो, त्याचं काय करू?

– सेलूकर

---

तुमचं एनआरओ खातं, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं इथलं रुपयातलं खातं, असेल ना? त्यातून भरा, ओटीपी तुमच्याच फोनवर येईल. अप्पांचा ग्राहक क्रमांक जुन्या बिलावर आहे.

– ताई