मदत हवी आहे : तान्ही मुलगी आणि पार्लर, दोन्ही कसे सांभाळावे?

नमस्कार. भांडुपला माझे छोटे ब्युटी पार्लर आहे आणि माझी मुलगी चार महिन्यांची आहे. २०१७ पासून कायद्याने अनेक नोकरदार स्त्रियांना बाळंतपणासाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते; स्वतःचा व्यवसाय करणारीला ती नाही, आणि गाळ्याचे भाडे व मदतनीस ताईंचा पगार मात्र दरमहा द्यावाच लागतो.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होईल आणि नवरीच्या मेकअपसाठी पहाटेच घर सोडावे लागेल. काढलेले दूध फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत टिकते, सासूबाईही आनंदाने सांभाळतील, परंतु मुलगी वाटी-चमच्याने दूध घेतच नाही.

तिला पार्लरमध्ये घेऊन जाण्याचा विचार केला, पण माझी खरी काळजी तिथेच आहे. केस सरळ करण्याच्या अनेक केराटिन उत्पादनांतून गरम इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो, केसांच्या रंगांत अमोनिया असतो, आणि माझ्या गाळ्याला एकही खिडकी नाही. ही कामे काही महिने पूर्ण बंद ठेवावीत, असे माझे मत झाले आहे, मग उत्पन्न घटले तरी चालेल.

ज्या भगिनींनी या काळात पार्लर चालवले, त्यांनी कृपया सांगावे : बाळाला वाटी-चमच्याची सवय कशी लावली? आणि नवरीची कामे विश्वासू मदतनीसाकडे सोपवताना मोबदल्याचा वाटा कसा ठरवला?