मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपवर पपी लिनक्स (हलकी ऑपरेटिंग सिस्टिम), आवाजच नाही

टिंबटिंब: सगळं करून झालं, आवाज येत नाही. व्हॉल्यूम फुल्ल आहे. विंडोजमध्ये व्यवस्थित येतो, म्हणजे स्पीकर ठीक आहेत. आजच चालू व्हायला हवाय, लवकर सांगा.

खटपट्या: 'सगळं' म्हणजे काय काय? प्रोसेसर कोणता? हेडफोनला येतो का? टर्मिनलमध्ये 'एप्ले -एल' (एल लहान; साउंड कार्डांची यादी देणारी कमांड) चालवा आणि जे दिसेल ते इथे टाका.

बाराभाई: युजरला 'ऑडिओ' ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट-लॉगिन करा. नाहीतर पाव्हूकंट्रोलमधून (पल्सऑडिओ या आवाज सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं सेटिंग) आउटपुट बदला. दोन मिनिटांचं काम.

खटपट्या: @बाराभाई, पपीत माणूस रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणूनच बसलेला असतो, ग्रुपचा संबंध काय? आणि पल्सऑडिओ चालू नसेल तर पाव्हूकंट्रोल नुसतं 'कनेक्ट होतोय' म्हणत बसेल.

कोकमसार: एसएसडी टाका. २४० जीबी पुरे. जुना लॅपटॉप पळायला लागतो.

टिंबटिंब: एसएसडी नको, आवाज हवाय! आय-३ चौथी पिढी, ४ जीबी. हेडफोनलाही नाही. कार्ड ०: एचडीएमआय. कार्ड १: पीसीएच, रिअलटेकचं काहीतरी.

खटपट्या: गोम इथेच आहे. या पिढीत एचडीएमआयचा ऑडिओ पीसीआयवर (लॅपटॉपची अंतर्गत जोडणी) ००:०३.० ला असतो, स्पीकरचा (तुमचं पीसीएच) ००:१बी.० ला. जो आधी सापडतो त्याला शून्य नंबर मिळतो आणि अल्सा (लिनक्सची मूळ ध्वनियंत्रणा) शून्यालाच डीफॉल्ट धरतं. म्हणजे आवाज न जोडलेल्या टीव्हीकडे चाललाय.
टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा, एफ६ दाबून पीसीएच निवडा. मास्टर, स्पीकर, हेडफोनखाली 'एमएम' (म्यूट) असेल तर एम दाबून 'ओओ' (चालू) करा. पीसीएमची पट्टी शून्यावर नको. मग 'स्पीकर-टेस्ट -डी प्लगएचडब्ल्यू:१,० -सी २' (डी मोठा, सी लहान). डाव्या-उजव्या बाजूने आळीपाळीने खरखर आली की हार्डवेअर ठीक. नंतर मेनूतल्या मल्टिपल साउंड कार्ड विझार्डमधून कार्ड १ डीफॉल्ट करा. विझार्ड नसेल तर ईटीसी फोल्डरमधल्या असाउंड.कॉन्फ फाइलीत दोन ओळी: 'डीफॉल्ट्स.पीसीएम.कार्ड १' आणि 'डीफॉल्ट्स.सीटीएल.कार्ड १'.

बाराभाई: नंबर लिहू नका! यूएसबी हेडसेट लावून बूट केलं की नंबर सरकू शकतात. १ च्या जागी 'पीसीएच' लिहा.

खटपट्या: हे मात्र मान्य.

टिंबटिंब: व्हीएलसीत आला!! फायरफॉक्समध्ये यूट्यूब अजून मुकंच.

चिंचगुळ: फायरफॉक्स मोझिलाच्या साइटवरून उतरवलंय ना? त्यांच्या बिल्डमध्ये आवृत्ती ५२ पासून, म्हणजे २०१७ पासून, अल्सा बंद आहे, पल्सऑडिओ लागतो. 'एपल्स' (पल्सऑडिओचं सोंग घेऊन आवाज अल्साकडे देणारा छोटा प्रोग्रॅम) टाका आणि ब्राउझर 'एपल्स फायरफॉक्स' असा सुरू करा. तरीही गप्प असेल तर सॅण्डबॉक्स (ब्राउझरचं सुरक्षा-कुंपण) अडवतोय. अबाउट:कॉन्फिगमध्ये (फायरफॉक्सचं आतलं सेटिंग पान) सॅण्डबॉक्सच्या राइट-पाथ व्हाइटलिस्टमध्ये (परवानगीच्या यादीत) '/डेव्ह/एसएनडी/' घाला, शेवटच्या स्लॅशसकट. कटकट नको असेल तर क्रोमियम वापरा, तो थेट अल्सावर चालतो.

बाराभाई: एवढ्या उठाठेवीपेक्षा लुबुंटू (दुसरं लिनक्स) टाका. पाइपवायर (पल्सऑडिओचं काम करणारा नवा प्रोग्रॅम) आयतं येतं.

चिंचगुळ: ४ जीबीत लुबुंटू आणि वर दहा टॅब? बघा बुवा.

कोकमसार: ब्लूटूथ स्पीकर चालेल का यावर?

खटपट्या: नुसत्या अल्सावर ब्लूअल्सा (ब्लूटूथ अल्साला जोडणारा प्रोग्रॅम) लागेल, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. @टिंबटिंब, पेन ड्राइव्हवरून चालवत असाल तर बंद करताना सेव्ह फाइल (पपीचे बदल जपणारी फाइल) बनवा, नाहीतर आजचं सगळं पुसलं जाईल.

टिंबटिंब: क्रोमियम चालला. सेव्ह फाइल विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवली तर?

खटपट्या: चालेल, पण विंडोजचं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. ते चालू असलं की एनटीएफएस (विंडोजचं) पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं माउंट होतं आणि सेव्ह होतच नाही.