मदत हवी आहे: 'खंबीर बाई'चा ताण किशोरवयीन मुलींत मोजायचा कसा?

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये १४ ते १७ वयाच्या कृष्णवर्णीय मुलींसाठी माध्यमं आणि मन:स्वास्थ्य यावर गटसत्रं चालतात. तिकडे काम करणाऱ्या मराठी समुपदेशकांना विचारतेय.

रिॲलिटी शोमधली सदा भांडणारी, रागीट बाई मुली चटकन ओळखतात आणि झिडकारतात. गाडी अडते ती 'सगळं सोसणारी खंबीर बाई' या प्रतिमेपाशी. ती कौतुकासारखी येते, म्हणून जास्त चिकटते. मग मदत मागणं म्हणजे कमीपणा. मोठेही तेच धरून चालतात. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या २०१७ च्या अहवालात दिसलं की पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीलाही माया आणि संरक्षण कमी लागतं, असं प्रौढांना वाटतं.

पीएचक्यू-९ या नैराश्य तपासणाऱ्या प्रश्नावलीची किशोरवयीन आवृत्ती वापरून पाहिली. तिच्यात चिडचिडीबद्दल प्रश्न आहे, पण ती फक्त लक्षणं विचारते, लक्षणं लपवण्याचा दबाव नाही. 'मी ठीक आहे' म्हणायची सवय असलेल्या मुलीचे गुण कमीच येतात. संशोधक शेरिल वुड्स-जिस्कोम्बे यांची ३५ प्रश्नांची 'सुपरवुमन स्कीमा' प्रश्नावली नेमकी या दबावावर आहे (भावना दाबणं, हळवेपणा टाळणं, स्वतःआधी इतरांचं बघणं), पण ती प्रौढ स्त्रियांसाठी बेतलेली.

सत्र ४५ मिनिटांचं. पालकांची संमती आहे, उत्तरं निनावी, सोबत कृष्णवर्णीय समुपदेशिका असतात. शोच्या क्लिप दाखवणं बंद केलंय, कारण तोच अपमान पुन्हा बघून मुली गप्प होतात.

'सुपरवुमन स्कीमा' प्रश्नावली १८ च्या आतल्या मुलींवर कुणी वापरली आहे का? कोणते भाग ठेवले, आणि पहिल्याच सत्रात दिली की गट रुळल्यावर?