मदत हवी आहे : पाड्यावर एआयने छातीचा एक्स-रे वाचण्याबद्दल

नमस्कार. धडगावकडच्या पाड्यांवर आम्ही टीबी तपासणीची शिबिरं घेतो. गेल्या महिन्यात महिनाभर खोकणारे एक आजोबा नंदुरबारला फोटो काढायला आलेच नाहीत. मजुरी बुडते, जीप परवडत नाही. आता पाठीवर नेता येणारं एक्स-रे मशीन आणि फोटो वाचणारं एआय सॉफ्टवेअर मिळतंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांपासून पुढच्यांसाठी अशा वाचनाची शिफारस केली आहे.

कुणी प्रत्यक्ष वापरलंय का? रेंज नसताना चालतं का? आधी टीबी होऊन बरे झालेल्यांच्या फुफ्फुसावर व्रण राहतात, तेही संशयित दाखवतं. मग टीबीच्या शक्यतेचा जो स्कोअर सॉफ्टवेअर देतं, त्याची मर्यादा किती ठेवता? थुंकीचे नमुने ट्रूनॅटला (टीबीचे जंतू शोधणारी जनुकीय चाचणी) त्याच दिवशी कसे पोचवता? आणि लहान मुलांचं काय करता? कृपया सविस्तर सांगा, पावसाआधी सुरू करायचंय.