मदत हवी आहे: अश्दोद, जुनी इमारत, व्हीलचेअरवरचे आजोबा

इस्रायलमध्ये केअरगिव्हरचं काम करणाऱ्यांना विचारतोय. अश्दोदला रॉकेटचा सायरन वाजल्यावर सुरक्षित जागी पोचायला साधारण ४५ सेकंद मिळतात. इमारत जुनी, चार मजली. १९९२ नंतरच्या घरांत सक्तीची असलेली ममाद (घरातली सुरक्षित खोली) इथे नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. सार्वजनिक मिक्लात (बॉम्बपासून बचावाचा निवारा) रस्त्यापलीकडे आहे, पण व्हीलचेअर घेऊन ४५ सेकंदांत तिथे पोचणं अशक्य, आणि सायरनमध्ये लिफ्टमध्ये अडकण्याचा धोका नको.

उरतो आतला जिना. वर दोन मजले आहेत, म्हणून त्यातल्या त्यात बरा. स्वयंपाकघर आणि बाथरूम बाद, कारण टाइल्स आणि काचा फुटून लागतात.

इराणकडून क्षेपणास्त्रं येतात तेव्हा मोबाइलवर काही मिनिटं आधी इशारा येतो, तेवढ्यात सगळं जमतं. रॉकेटच्या वेळी जमत नाही. खरी अडचण तीच.

आता प्रश्न:

१. आजोबांना एकट्याने उचलून जिन्यात कसं न्यायचं? चादरीवरून ओढत नेणं कुणी केलंय का? उंबरठ्याला चादर अडकते, त्यावर काय उपाय?

२. रात्री बेडच दाराजवळ ठेवला तर ऑक्सिजन मशीनच्या वायरचं काय करता?

३. विमानं बंद झाली आणि जॉर्डनमार्गे घरी जावं लागलं, तर परत येण्यासाठी इंटर व्हिसा आधीच काढून ठेवावा का? एजंट प्रत्येक वेळी वेगळंच सांगतो. अलीकडे स्वतः काढलेल्यांनीच सांगा, ऐकीव नको.