'टेन्सलेस'साठी 'कालातीत' चालेल का?

फिलॉसॉफी ऑफ टाइमवरचा एक लेख मराठीत आणतोय, त्यात टेन्स्ड (भूत-वर्तमान-भविष्य हा भेद जगातच आहे म्हणणारे) आणि टेन्सलेस (तसं न मानणारे) असे दोन पक्ष आहेत, मी 'कालसापेक्ष' आणि 'कालातीत' लिहिलंय. पटतंय का?

— कालातीत नको हो. ते काळाच्या पलीकडचं, ब्रह्म वगैरे. टेन्सलेसवाले काळ कुठे नाकारतात? आधी-नंतर हा क्रम त्यांना पक्का मान्य आहे, मॅकटॅगर्ट या तत्त्वज्ञाने १९०८ मध्ये ज्याला बी-सिरीज म्हटलं तोच, फक्त 'आत्ता' म्हणजे 'इथे'सारखंच, 'इथे' बोलणारा कुठे आहे त्यावर ठरतं तसं 'आत्ता' तो कधी बोलतोय त्यावर, एवढंच त्यांचं म्हणणं. (मॅकटॅगर्ट स्वतः मात्र काळच खोटा म्हणून मोकळा झाला.) आणि 'कालसापेक्ष' वाचलं की लोक आइनस्टाइनकडे पळणार, तो तर उलट टेन्सलेसवाल्यांचा हुकमी साक्षीदार, १९०५ च्या त्याच्या सापेक्षतेच्या थिअरीत सगळ्यांचं मिळून एकच 'आत्ता' उरत नाही ना.

— सकाल आणि अकाल?

— अकाल म्हटलं की मृत्यूच आठवतो 😀

— पण टेन्स म्हणजे क्रियापदाचा काळच ना शेवटी?

— नाही, घोळ तिथेच होतो, कारण आपल्याकडे टाइमही काळ आणि टेन्सही काळ. 'हा आलोच' म्हणतो तेव्हा रूप भूतकाळाचं आणि माणूस अजून निघालेलासुद्धा नसतो, 'परवा' गेलेला की येणारा तेही पुढचं क्रियापद आल्याशिवाय कळत नाही. उलट 'दहाला भाषण, त्यानंतर चर्चा' यात क्रियापदच नाही, हे वाक्य कधीही म्हणा, अर्थ तोच राहतो. टेन्सलेस म्हणतात ते साधारण असं.

— मग परीक्षा झाल्यावर 'सुटलो एकदाचा' म्हणतो त्याचं काय? पेपर अमुक तारखेला संपतो हे तर आधीपासून माहीत असतं, त्याचा आनंद कुठे होतो!

— हाच तर तत्त्वज्ञ आर्थर प्रायरचा टेन्सलेसवाल्यांवरचा १९५९ मधला आक्षेप, आणि मला अजूनही तो भारी वाटतो. टेन्सलेसवाल्यांपैकी मेलर या तत्त्वज्ञाचं उत्तर असं की 'संपलं' हा विचार योग्य वेळी मनात यावा लागतो हे खरं, पण म्हणून जगात 'संपलेपण' नावाची वेगळी वस्तुस्थिती मानायची गरज नाही. पटत नाही पूर्ण, पण खोडताही येत नाही.

— त्रिकालाबाधित?

— ते सत्याला लावा, थिअरीला नको. मी 'त्रिकालवादी' आणि 'क्रमवादी' लिहीन, पहिल्यांदा येईल तिथे टेन्स्ड-टेन्सलेस पण द्या.

— क्रमवादी घेतो. त्रिकालवादी जरा ज्योतिषासारखं वाटतंय, बघतो.