सोलापुरात छोटी सेव्हन सीटर चालवणाऱ्यांनो, तुमचा अनुभव लिहा

जुळे_सोलापूरकर
भावाला गाडी घ्यायचीय. घरात आई-बाबा धरून सहा माणसं, आत्या आली की सात. त्याच्या डोक्यात एकच, सेकंडहँड इनोव्हा. मी स्वतः एर्टिगा चालवतो आणि माझं मत स्पष्ट आहे, सोलापुरात राहणाऱ्या घराला एवढी मोठी गाडी लागत नाही. आपल्या घरच्या गाडीला काम काय असतं बघा, गुरुवारी अक्कलकोट म्हणजे 40 किलोमीटरच्या आसपास, तुळजापूर 45, पंढरपूर 75 धरा, सकाळी निघायचं दर्शन करायचं जेवायचं आणि संध्याकाळी घरी. सामान म्हणजे डबा, पाण्याच्या बाटल्या आणि ओटीची पिशवी. माणसं जास्त, बॅगा कमी. छोट्या सेव्हन सीटरचं गणित ह्याच्यावरच बसतं.

आणि लोकांना वाटतं लांबी कमी म्हणजे आत कोंबून बसायचं, तसं नाहीये. माझी एर्टिगा 4395 मिलीमीटर, इनोव्हा क्रिस्टा 4735, म्हणजे फूटभरापेक्षा जास्त फरक. पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर बघितलं तर एर्टिगाचं 2740 आणि क्रिस्टाचं 2750. जास्तीची लांबी बरीचशी नाकात आणि शेपटीत गेलीय. रुंदीत मात्र साडेनऊ सेंटीमीटरचा फरक आहे आणि तो मधल्या रांगेत तिघं बसले की कळतो, खांद्याला खांदा लागतो, हे मी लपवणार नाही.

तर ज्यांच्याकडं एर्टिगा, ट्रायबर, ईको, कॅरेन्स जे काही आहे त्यांनी खरं खरं लिहा. मोठी गाडी असणाऱ्यांनीही लिहा, भाऊ सगळं वाचणार आहे.

भवानी_पेठ
दादा, तुमच्याकडं जुळे सोलापुरात रस्ते रुंद आहेत, आमच्याकडं येऊन बघा. आमच्या बोळात समोरून रिक्षा आली की एकानं मागं जायचंच, दुसरा इलाज नाही. माझीपण एर्टिगाच आहे आणि मला ॲव्हरेजपेक्षा, मायलेजपेक्षा, कशाहीपेक्षा ती वळते किती ह्याचं महत्त्व जास्त वाटतं. दिवाळीच्या आधी नवी पेठेत गाडी लावून बघा, नाहीतर गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात होम मैदानाच्या बाजूला निघून बघा, तिथं मोठी गाडी घेऊन जाणारा माणूस खरेदीला उतरतच नाही, तो गाडीतच बसून राहतो आणि बाकीचे जाऊन येतात.

माझी सीएनजी आहे म्हणून एक सांगून ठेवतो. टाकी मागं डिकीत असते. कंपनी किलोला 26 किलोमीटर सांगते, गावात एसी लावून तेवढं येत नाही पण हायवेला शांत चालवली की खर्च खरंच कमी येतो. पण सातही सीटा उघड्या ठेवल्या तर बॅग ठेवायला जागा नाही, अजिबात नाही. पेट्रोलवाल्यालाही मागं 209 लिटरच मिळतात. लग्नाला जायचं असलं की आम्ही कॅरिअरवर बॅगा बांधतो आणि वरून ताडपत्री.

पूर्व_भागातली_सूनबाई
मी ट्रायबर चालवते. हो, मीच चालवते, ह्यांना ड्रायव्हिंग आवडत नाही. माझं माहेर हैदराबादला, आमच्या इकडं पूर्व भागात निम्म्या घरांचे पाहुणे तिकडंच असतात तुम्हाला माहितीय. 300 किलोमीटरच्या वर अंतर आहे पण रस्ता सरळ, 65 नंबरचा हायवे.

ह्या गाडीचं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे शेवटच्या दोन सीटा पूर्ण काढून घरात ठेवता येतात. दुमडून नाही, काढून! सात सीटा लावलेल्या असताना मागं फक्त 84 लिटर जागा उरते, म्हणजे एक भाजीची पिशवी आणि चपला, पण त्या दोन काढल्या की 625 लिटर होते. माहेरी जाताना सीटा माळ्यावर जातात आणि मागं कडक भाकरीचा डबा, शेंगा चटणीची पाकिटं, चादरी, दोन मुलांच्या दोन बॅगा सगळं मावतं. दसऱ्याच्या आधी तुळजापूरला सासूबाई, नणंद, तिची मुलं असं सगळं लटांबर असलं की सीटा परत लागतात. लावायला काढायला अवघड नाहीत, पण उचलायला दोघं असलेली बरी.

एसीचं विचारतील म्हणून सांगते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा 42-43 ला जातो, त्यामुळं मागच्या माणसाला हवा लागते की नाही हा पहिला प्रश्न. ह्यात मधल्या रांगेला बाजूच्या खांबातून आणि शेवटच्या रांगेला छतातून हवा येते, मागं झोपलेलं पोरगं घामेजून उठत नाही. इंजिन मात्र 1 लिटरचं, तीन सिलेंडरचं आहे हे लक्षात ठेवूनच चालवायचं. सात माणसं भरून तुळजापूरचा घाट चढताना मी आधीच खालच्या गिअरला घेते, आणि हायवेला ट्रकच्या पुढं जायचं असेल तर समोर भरपूर मोकळा रस्ता दिसल्याशिवाय बाहेर काढत नाही. ज्यांना पाय दाबला की गाडी उडायला पाहिजे त्यांनी दुसरी घ्यावी.

टॉवेलवाले
आमच्याकडं आधी ओम्नी होती, ती 2019 ला बंद झाली, मग ईको घेतली. सोमवार ते शनिवार टॉवेलचे गठ्ठे, रविवारी घरचे. ही गाडी 3675 मिलीमीटरची, बाकी सगळ्यांपेक्षा आखूड, आणि सरकता दरवाजा. ज्यांच्या दारासमोर भिंत आहे त्यांनाच सरकत्या दरवाजाची किंमत कळते, आई गाडीतून उतरते ती थेट उंबऱ्यावर. पण हे लक्षात घ्या की इंजिन पुढच्या सीटच्या खाली आहे, ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळं भरलेल्या गाडीला चढावर चांगली पकड मिळते पण उन्हाळ्यात पुढच्याला खालून ऊब लागते. रोज लांब जाणाऱ्यानं ही घेऊ नये. गावातल्या धंद्याला आणि अक्कलकोटला मी तरी हिच्याशिवाय काही घेणार नाही.

होटगी_रोड
मी विरोधी पार्टीतला, क्रिस्टा आहे माझी, डिझेल, आणि मी विकणार नाही. कारण सांगतो. मुलगी पुण्याला शिकायला, म्हणजे 250 किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं, सोबत बहुतेक वेळा भाऊ-भावजय आणि त्यांची दोन कॉलेजची पोरं, दोघंही माझ्यापेक्षा उंच. इंदापूर यायच्या आत छोट्या गाडीच्या तिसऱ्या रांगेतला उंच पोरगा गुडघे छातीला लावून बसलेला असतो, मी पाहुण्यांच्या गाडीत स्वतः तसं बसून आलोय. मागची सीट तळाला टेकलेली असते, त्यामुळं गुडघे वर, त्याला उपाय नाही. तिसऱ्या रांगेत लहान मुलं बसणार असतील तर खुशाल छोटी घ्या. पूर्ण वाढलेली माणसं बसणार असतील आणि लांब जाणार असतील तर मोठीच.

मात्र हेही मान्य की गावात मी स्कूटर वापरतो, क्रिस्टा पार्क चौकात नेत नाही.

जुळे_सोलापूरकर
काका, हे पटलं. आमच्याकडं मागं बसणारे म्हणजे भावाची दोन पोरं, एक चौथीत, एक बालवाडीत.

पैशाचंही लिहितो. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला, चार मीटरच्या आतली आणि 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी 18 टक्क्यांत आली, त्याच्या वरच्या 40 मध्ये. म्हणजे ट्रायबर, ईको एका बाजूला आणि एर्टिगा, कॅरेन्स दुसऱ्या बाजूला. नवीच घ्यायची असेल तर हा फरक किमतीत चांगलाच दिसतो.

सात_रस्ता
मुलं मागं बसणार म्हणताय म्हणून लिहिते, नाहीतर मी फक्त वाचतेच. शेवटची सीट आणि मागची काच ह्यांच्यात अंतर फारच कमी असतं, सगळ्याच छोट्या सेव्हन सीटरमध्ये. म्हणून बालवाडीतल्या मुलाला मधल्या रांगेत लहान मुलांच्या वेगळ्या सीटवर (चाइल्ड सीट) बांधून बसवा आणि मोठ्याला मागं, बेल्ट लावूनच, अक्कलकोट जवळ आहे म्हणून सोडू नका. ट्रायबरला 2021 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत मोठ्या माणसांसाठी 4 आणि मुलांसाठी 3 स्टार मिळाले होते, गाडी बघायला जाताना मुलांचे स्टार वेगळे विचारा, सेल्समन एकच आकडा सांगतात. आणि गाडी पूर्ण भरली की टायरची हवा वेगळी लागते, दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर दोन्ही आकडे लिहिलेले असतात.

भवानी_पेठ
ताईंनी चांगलं सांगितलं. भावाला म्हणावं शोरूमला एकटा जाऊ नको, आई-बाबा, दोन्ही पोरं, आत्या मिळाली तर आत्या, सगळ्यांना घेऊन जा. मधली सीट आईला स्वतःला पुढं ढकलता येते का बघा, बाबांना गुडघ्याचा त्रास असेल तर वर चढावं लागत नाही ना ते बघा, आणि सगळे बसलेले असताना डिकी उघडून त्यात एक पाण्याचा कॅन ठेवून बघा. टेस्ट ड्राइव्हपण तशीच भरलेल्या गाडीची मागा.